अलीकडे वाचलेली काही पुस्तके



अलीकडे वाचलेल्या पुस्तकांविषयी चार शब्द बोलावे, अशी मला सूचना झाली आहे. विषय दिसावयास सोपा आहे. चार माणसे एकत्र जमली आणि पुस्तकाची गोष्ट निघाली, की एक जण म्हणतो, "फारच सुंदर पुस्तक". दुसरा म्हणतो, "छे, त्यात काही राम नाही". आणि तेवढ्यावर त्या ग्रंथाचा निकाल लागतो. परंतु अशा निकालाने ऐकणाऱ्याच्या पदरात काय पडते? बोलणाऱ्याची आवडनिवड कळते. पुस्तकाचे अंतरंग कळत नाही. आज बरेसे पुस्तक घ्यावयाचे तर दोनतीनशे रुपये सहज मोजावे लागतात, आणि ते वाचण्यात चार रात्री खर्ची पडतात त्या वेगळ्याच. तेव्हा आपल्या शब्दावर विसंबून पुस्तक घेणाऱ्या गृहस्थाला त्या शब्दात काही तथ्य असावे, अशी अपेक्षा करण्याचा पूर्ण अधिकार आहे.

माझ्या समजुतीप्रमाणे पुस्तकाविषयीचे मत ही एक साक्ष होय. साक्षीदार आपण कोठे उभे होतो ते आधी सांगतो, मग काय पाहिले ते सांगतो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, गोंदियाजवळच्या मुर्री गावी राहणारा, मुलांच्या वह्या तपासण्यात आयुष्य गेलेला मास्तर आहे. माझे मत ऐकताना ही गोष्ट आपण जमेस धरावी, हे बरे. कारण मास्तरी डोळ्याला ऱ्हस्वदीर्घ आधी दिसते आणि आशय मागाहून, हा आमच्या पेशाचा धर्मच आहे.

या पेशाचे थोर उदाहरण विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे. १८७४ साली त्यांनी 'निबंधमाला' काढली, तेव्हा ते सरकारी हायस्कुलात शिक्षक होते. मराठी गद्याला त्यांनी दिलेला डौल आजही मान डोलवावयास लावतो. परंतु याच मालेत जोतीराव फुले यांच्या लेखनाचा त्यांनी जो समाचार घेतला, तो वाचताना मन खट्टू होते. भाषा अशुद्ध, व्याकरण ढिले, असा एकसारखा उपहास चालला आहे. ज्या चुका दाखविल्या त्या नव्हत्या, असे नाही. पण लिहिणारा काय म्हणत आहे, त्याला एवढा संताप कशाने आला, या प्रश्नाला शास्त्रीबुवांनी हात घातला नाही. साक्षीदाराने आरोपीच्या अंगरख्याच्या गुंड्या मोजाव्या आणि प्रसंग पाहिलाच नाही म्हणावे, तशातला हा प्रकार. पुढे १९६९ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' प्रसिद्ध केले. आमच्याच जिल्ह्यातील आमगावजवळच्या पद्मपुराशी ज्याचे नाते म. म. वासुदेव विष्णु मिराशींनी जोडून दाखविले, त्या भवभूतीलाही आपला खरा वाचक पुढेमागे कधीतरी जन्मास येईल, याच आशेवर राहावे लागले होते!

या समग्र वाङ्मयातले 'शेतकऱ्याचा असूड' मी नुकतेच पुन्हा वाचले. १८८३ साली लिहून झालेला हा ग्रंथ म्हणजे शेतकऱ्याच्या दारिद्र्याची फिर्याद आहे, एवढे बहुतेकांना ऐकून माहीत असते. मला त्यात विशेष वाटला तो पाण्याचा विचार. डोंगरउतारावरून येणारे पाणी ताली-बंधारे घालून अडवावे, ते शेतातून मुरून मगच नदीनाल्यास मिळावे, तलावतळी बांधावी, आणि या कामी सरकारने आपल्या पलटणीतले शिपाई लावावे, असे जोतीराव सांगतात. पुणे प्रांतीच्या वाचकाला ही सूचना चतुर वाटेल. आम्हा झाडीपट्टीच्या लोकांस ती घरची वाटते. भंडारा-गोंदियाचा हा धानाचा मुलूख तळ्या-बोड्यांवर पोसला आहे. कोहळी समाजाने शेकडो तळी बांधली, आणि पुढे मालगुजारीच्या नावाने ओळखली जाऊ लागलेली तळी, ज्यांना लोक सुटसुटीतपणे 'मामा तलाव' म्हणतात, आजही शेते भिजवितात. गाळ काढावयाचा कोणी, हा तंटा तेवढा संपत नाही. पण तो विषय निराळा.

असूडाचे दोष सांगावयाचे तर तो एका दमात वाचवत नाही. वाक्य सुरू होते, त्यात दुसरे शिरते, रागाच्या भरात पहिल्याचे शेपूट हरवते. ज्यांना सौष्ठव हवे त्यांनी पहिल्याने हा ग्रंथ घेऊ नये. मात्र घेतलाच तर मोठ्याने वाचावा. उच्चारताच ती वाक्ये नीट उभी राहतात, कारण ती चावडीवर बोलणाऱ्या माणसाची आहेत.

याच पुस्तकात जंगल खात्यावर कडक टीका आहे. खात्याने डोंगर, दऱ्या, गायराने सारे आपल्या कुंपणात घेतले आणि गरिबाच्या शेरड्यांना चरावयास जागा उरली नाही, ही जोतीरावांची तक्रार. योगायोग असा, की असूडानंतर लगेच जंगल खात्यातल्याच एका अधिकाऱ्याचे आत्मचरित्र माझ्या हाती आले. ते म्हणजे मारुती चितमपल्ली यांचे 'चकवाचांदण'. चितमपल्लींचे १८ जून २०२५ रोजी सोलापूर येथे निधन झाले. त्यांच्या नोकरीचा एक मोलाचा काळ आमच्या जिल्ह्यातील नवेगावबांध येथे गेला. तेव्हा येथे मी थोडा पक्षपाती आहे, हे आधीच नोंदवून ठेवतो. आपल्या ओळखीचे पाणी आणि पाखरे छापील पानावर भेटली, की वाचकाचे मन मऊ होते.

ते बाजूस ठेवूनही या लेखकाचे दोन गुण निर्विवाद वाटतात. पहिला, शब्दांचा. कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' आणि बगळ्यांच्या विणीच्या जागेला 'सारंगागार', असे नेमके मराठी शब्द त्यांनी घडविले, आणि रानातल्या माणसांच्या तोंडची नावेही आदराने टिपून ठेवली. दुसरा गुण कृतज्ञतेचा. नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या जाणकारांपासून आपण शिकलो, हे सांगताना साहेबाची ऐट आड येत नाही. ग्रंथ मात्र विस्ताराने मोठा आहे, व मध्ये मध्ये रेंगाळतो. घाईच्या वाचकाने त्यांचे एखादे लहान पुस्तक आधी घ्यावे. आणि जंगलात गुरे शिरली म्हणून दंड भरणाऱ्याच्या मनात काय चालते, हे जाणावयाचे असेल, तर पुन्हा असूडाकडेच वळावे लागते. ही दोन पुस्तके एका फळीवर शेजारी शेजारी ठेवावी, असे मला सुचवावयाचे आहे.

शेवटचे पुस्तक पुष्कळांच्या परिचयाचे, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. १९३४ ते १९३६ या काळात ती चार भागांत निघाली. "पोट धरून हसविणारे पुस्तक" अशी शिफारस ऐकून मी ते मागविले. हसू आहे, यात शंका नाही. पण रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर पत्नीच्या वाट्यास आलेली ताटातूट त्याच हसऱ्या वाणीने सांगितली आहे, आणि ते वाचताना हसावे की डोळे पुसावे हे कळत नाही. शिफारस करणाऱ्याने निम्मे पुस्तक सांगितले, निम्मे गाळले! ज्यांना घेणे असेल त्यांच्यासाठी एक सूचना : या ग्रंथाची संक्षिप्त आवृत्तीही निघालेली आहे, म्हणून घेताना विचारून संपूर्णच घ्यावी. रात्री जेवणे झाल्यावर घरातल्या एकाने ती वाचावी आणि बाकीच्यांनी ऐकावी. लक्ष्मीबाईंची भाषा मुळी ऐकण्यासाठीच आहे.