अडकित्ता पर्समध्ये नको

लग्नासाठी विमानाने निघालेल्या मावशीच्या पर्समध्ये साडीच्या पिना असतात, सुईदोरा असतो, छोटी कात्री असते आणि चंचीत अडकित्ताही. पिनांना सहसा कुणी हटकत नाही. अडतं ते कात्रीशी. युरोपात पातं ६ सेंटिमीटरपर्यंत चालतं, अमेरिकेत ४ इंचांहून कमी हवं. आणि हे माप टोकापासून मधल्या खिळ्यापर्यंत घेतात, मुठीसकट नव्हे. आपल्याकडे बहुतेक मोठ्या विमानतळांवर तपासणी सीआयएसएफचे जवान करतात आणि शेवटचा शब्द त्यांचाच. तिथे पट्टी काढून वाद घालण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा कात्री, अडकित्ता, फळं कापायची सुरी, सगळं चेक-इनच्या बॅगेत टाकावं.

पण नुसतं टाकू नये. बॅग उघडून तपासायची वेळ आली, तर आत हात घालणाऱ्याला टोक लागतं. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून पात्यावर चढवा, वर रबर बँड. सुया रिकाम्या गोळ्यांच्या डबीत, झाकण चिकटपट्टीने बंद. आणि हे सगळं घरीच. बॅग काउंटरवरून पट्ट्यावर गेली की पर्समधली कात्री आठवून उपयोग नसतो.