खुर्चीला मदत मिळते, उंबरठ्याला नाही

शिवाजी पार्कचं मैदान १९२५ साली लोकांसाठी खुलं झालं आणि पुढच्या दोन दशकांत त्याच्याभोवती तळमजला अधिक दोन-तीन मजल्यांच्या देखण्या इमारती उभ्या राहिल्या. गोलाकार गॅलऱ्या, मोझॅकच्या फरश्या, हवेशीर जिने. लिफ्ट मात्र बहुतेक ठिकाणी नव्हती. अशा घरात कुणाला पक्षाघात झाला, खुब्याचं हाड मोडलं किंवा अपंगत्व घेऊनच मूल जन्मलं, की समोरचं मैदान फक्त खिडकीतून बघायचं उरतं.

घराच्या आतही अडचण असतेच. चाकाची खुर्ची साधारण सव्वादोन फूट रुंद आणि जुन्या न्हाणीघराचं दार जेमतेम दोन फुटी. प्रवेशद्वाराशी सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असल्या, तर एकास बारा या चढाच्या नियमाने रॅम्पला अठरा फूट लांबी लागते. दार रुंद करणं, उंबरठा काढणं, कमोडशेजारी भिंतीत आधाराचा दांडा बसवणं ही तशी गवंड्या-प्लंबरची साधी कामं. पण त्यांचा खर्च बहुतेक वेळा कुटुंबाच्याच खिशातून जातो.

सरकार काहीच देत नाही, असं नव्हे. केंद्राच्या १९८१पासूनच्या ‘एडिप’ योजनेतून कुबड्या, श्रवणयंत्रं, चाकाच्या खुर्च्या मिळतात. मुंबई महापालिकेने २०२४मध्ये धर्मवीर आनंद दिघे यांच्या नावाने दिव्यांगांसाठी अर्थसहाय्य जाहीर केलं: ४० ते ८० टक्के अपंगत्व असलेल्यांना सहामाही ६,००० रुपये, त्याहून अधिक असल्यास १८,००० रुपये. अपंग व्यक्ती कुटुंबावर अवलंबून असेल तर जुन्या प्राप्तिकर प्रणालीत ७५,००० रुपयांची, तीव्र अपंगत्व असल्यास सव्वा लाखाची वजावट मिळते. ज्यांचं उत्पन्न करपात्रच नाही, त्यांच्या हाती यातून काही पडत नाही.

२०१६चा दिव्यांग हक्क कायदा सरकारी घरवाटपात पाच टक्के आरक्षण ठेवतो. प्रधानमंत्री आवास योजनेत तळमजल्याचं घर देताना अपंगांना प्राधान्य आहे. हे सगळं नव्या घरांसाठी झालं. राहत्या घराची फरशी, दार, जिना बदलण्यासाठी हक्काने मागावं असं अनुदान या यादीत कुठेच नाही.

इंग्लंडमध्ये ते आहे. तिथे नगरपालिकेने अर्जावर सहा महिन्यांत निर्णय द्यायलाच हवा, असं कायदा सांगतो. रॅम्प, रुंद दारं, खालच्या मजल्यावरचं न्हाणीघर, जिन्याला लावायची सरकती खुर्ची यांसाठी ३०,००० पौंडांपर्यंत रक्कम मिळते. मूल अपंग असेल तर पालकांचं उत्पन्नही तपासत नाहीत. सिंगापूरने २०१२पासून सरकारी वसाहतींतल्या वृद्धांच्या घरांत आधाराचे दांडे, घसरू न देणारी फरशी आणि छोटे रॅम्प बसवायला सुरुवात केली. पात्र कुटुंबांसाठी खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलतं.

मुंबईला हे जमण्यासारखं आहे. कुणाचं अपंगत्व किती, हे दाखवणारं ओळखपत्र आधीच लोकांच्या हाती आहे. ८० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांचं कार्ड निळं असतं. असं कार्ड असलेल्यांच्या कुटुंबांना न्हाणीघर आणि उंबरठा यांसाठी महापालिकेने एकरकमी अनुदान द्यावं. एकदा बदललेलं न्हाणीघर त्या माणसाला रोज, वर्षानुवर्षं उपयोगी पडतं, आणि त्याला उचलून नेणाऱ्या बायकोची किंवा आईची पाठही वाचते. या पाठदुखीची नोंद कुठल्याच योजनेत होत नाही.

जिन्याचा प्रश्न मात्र एकट्या कुटुंबाच्या हातातला नाही. जिना सोसायटीचा किंवा घरमालकाचा. पागडीच्या इमारतीत तर भाडेकरूने खर्च करायची तयारी दाखवली, तरी परवानगीवर घोडं अडतं.

सध्या दादर-माहीमच्या जुन्या इमारतींना खरा पैसा मिळतो तो पुनर्विकासातून. नव्या टॉवरला लिफ्ट येते, पण फाटकापासून लिफ्टपर्यंत दोन पायऱ्या राहिल्या किंवा न्हाणीघराला पुन्हा दोन फुटी दार बसलं, तर चाकाची खुर्ची तिथेही अडते. नकाशे कागदावर असतानाच विकासकाशी होणाऱ्या करारात चार गोष्टी लिहून घेता येतात: पायरीविना प्रवेश, निदान एका न्हाणीघराला तीन फुटी दार, आतबाहेर एकाच पातळीची फरशी आणि दांड्याचं वजन पेलेल अशी भिंत. सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर गाळ्याच्या चौरस फुटांशेजारी हा विषय असायला हवा, आणि तो मांडण्यासाठी घरात कुणी अपंग असण्याची अट नाही.