चांदीवरचा ठसा आणि घडविणारे हात

लग्नसराईत पैंजण घेताना सराफ सांगतो, ‘माल हुपरीचा आहे.’ तेवढ्यावर आपली खात्री पटते. हुपरीत ते कोणाच्या हातून उतरले, हे मात्र कोणी विचारीत नाही. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना हा प्रश्न फार जवळचा वाटतो. त्याचे उत्तर शोधावयास आपण थोडा वेळ इंग्लंडात जाऊ.

लंडनबाहेर यॉर्क, एक्झिटर, चेस्टर, न्यूकॅसल अशा गावीही चांदीच्या सुरेख चहादाण्या घडत. अशा चहादाणीच्या बुडाशी बारीक ठसे असतात. चालता सिंह म्हणजे हजारांत 925 भाग चांदी. तीन किल्ले दिसले तर माल न्यूकॅसलचा. तलवार व गव्हाच्या तीन पेंढ्या दिसल्या तर चेस्टरचा. एक अक्षर वर्ष सांगते. शेवटी कारखानदाराची आद्याक्षरे. न्यूकॅसलला 1804 साली पती वारल्यावर डोरोथी लँगलँड्स या बाईंनी कारखाना हाती घेतला व स्वतःच्या नावाचा ठसा चालविला. तो आजही वाचता येतो.

पण ही आद्याक्षरे मालकाची. पत्रा ठोकून भांड्याला पोट आणणारा, तोटी डाखाने जोडणारा, उजाळा देणारा, यांची नावे ठशात नाहीत. कारण ठसा निघाला तो गिऱ्हाइकाला भेसळीपासून वाचविण्यासाठी आणि खोट निघाली तर कोणाला धरावे हे कळण्यासाठी. कारागिराच्या गौरवासाठी नव्हे.

हुपरीतही एक पैंजण अनेक हातांतून जाते. कोणी चांदी आटवितो, कोणी तार ओढतो, कोणी कड्या जुळवितो, कोणी डाख देतो, कोणी उजळतो. आपल्याकडे 2005 साली चांदीसाठी हॉलमार्क आला. त्यानेही शुद्धता कळते, कारागीर कळत नाही.

प्रत्येक कडीवर नाव कोरा, असे आमचे म्हणणे नाही. तेवढी जागाच नाही. पण चांदी किती दिली, घट किती धरली, मजुरी काय ठरली, हे वहीत लिहून खाली दोघांच्या सह्या व्हाव्यात. घटीचा वाद निघाला की तोंडी हिशेबात कमजोर बाजूच हरते. चांदीचा खरेपणा पाहण्यासाठी जगाने इतकी शतके खर्च केली. व्यवहाराचा खरेपणा पाहावयास एक वही पुरते.