शाहीर अण्णा भाऊ साठे आणि स्टालिनग्राडचा पोवाडा

आपल्या सांबऱ्याच्या माळावर विमाने उतरू लागली ती दुसऱ्या महायुद्धामुळे. १९४२ साली ब्रिटिशांच्या हवाई दलाने येथे विमानतळ उभारला. त्याच वर्षी दूर रशियात, व्होल्गा नदीच्या काठी, स्टालिनग्राड शहरासाठी घनघोर संग्राम चालू होता. घराघरांतून आणि जिन्याजिन्यांवरून लढाई झाली. अखेर २ फेब्रुवारी १९४३ रोजी वेढ्यात सापडलेल्या जर्मन सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. सुमारे ९१ हजार सैनिक कैद झाले. या युद्धावर जगातील अनेक भाषांत लेखन झाले. मराठीत ते केले मुंबईत मोलमजुरी करणाऱ्या एका तरुणाने, आणि तेही पोवाड्यात!

तो तरुण म्हणजे अण्णा भाऊ साठे होत. त्यांचे मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवे तालुक्यातील वाटेगावी, मातंग समाजात त्यांचा जन्म झाला. या समाजाच्या कपाळी इंग्रज सरकारने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. अण्णा भाऊंची शाळा अवघी दीड दिवसाची! १९३१–३२ च्या सुमारास हे कुटुंब वाटेगावाहून पायी चालत मुंबईस गेले. तेथे हमाली, गिरणीतील काम, पडेल ते कष्ट करीत असता दुकानांच्या पाट्या आणि चित्रपटांच्या जाहिराती वाचून त्यांनी अक्षरओळख वाढविली. विद्यार्थिमित्रहो, आपल्या हाती पाठ्यपुस्तके आहेत. त्यांचे पाठ्यपुस्तक म्हणजे मुंबईचा रस्ता होता.

शाहीर अगिनदासाने अफझलखानाच्या वधाचा आणि तुळशीदासाने सिंहगडाचा पोवाडा रचला. त्या लढाया आपल्याच डोंगरांतल्या, त्यांतील वीर आपल्या ओळखीचे. स्टालिनग्राड मात्र श्रोत्यांनी नकाशातही पाहिले नव्हते. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनच्या रणभूमीवर गेले होते. अण्णा भाऊ कोठेच गेले नव्हते. तरीही फॅसिझमविरुद्धची लढाई ही चाळीत राहणाऱ्या कामगाराचीही लढाई आहे, हे त्यांनी डफ-तुणतुण्याच्या तालावर पटवून दिले. परक्या भूमीवरील वीरांस त्यांनी आपल्या शाहिरीत मावळ्यांच्या पंक्तीस बसविले, हेच या रचनेचे खरे बळ असे मला वाटते. स्टालिनच्या राजवटीतील जुलूम पुढे जगापुढे आला. त्याचा हिशेब मात्र या पोवाड्यात शोधू नये. तो रणात उभ्या असलेल्या माणसांचा पोवाडा आहे.

पुढे शाहीर अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक गाजविले. मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, तेव्हा त्यांनी त्याच कलेला लोकनाट्य म्हणून नव्या रूपात उभे केले. ‘फकिरा’ ही त्यांची कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या माणसांसाठी इंग्रजांचा खजिना लुटणाऱ्या वीराची ती कथा. तीही एका अर्थाने युद्धकथाच. फरक इतकाच की येथील रणभूमी वारणेच्या खोऱ्यातील आहे. वि. स. खांडेकरांनी तिला प्रस्तावना लिहिली, आणि १९६१ साली तिला महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार लाभला.

त्याच वर्षी अण्णा भाऊ रशियाला जाऊन आले व त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिले. योगायोग असा की, त्याच वर्षाच्या अखेरीस स्टालिनग्राडचे नाव बदलून व्होल्गोग्राड झाले. मराठी पोवाड्यात मात्र जुनेच नाव राहिले.

आपल्या सीमाभागात अण्णा भाऊ अधिक ओळखीचे आहेत ते ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीमुळे. मुंबईस पोट भरावयास गेलेल्या कामगाराची पत्नी गावी राहिली आहे. तिच्या विरहातून शाहीर हळूहळू तुटलेल्या मुलखाच्या विरहाकडे वळतो, आणि तेथे बेळगावचे नाव येते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हाही ते बाहेरच राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून अमर शेखांच्या पहाडी आवाजात ही छक्कड ऐकलेल्या पिढीने ती घरोघर पुढे नेली.

अण्णा भाऊंची अखेरची वर्षे हलाखीत गेली. पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या लिहिणारा हा लेखक कित्येक वर्षे घाटकोपरच्या चिरागनगरमधील झोपडीत राहिला. १८ जुलै १९६९ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्को येथील परकीय साहित्याच्या सरकारी ग्रंथालयात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.