कानांतून निसटलेला ठेका

गेल्या आषाढात माझ्या भाचीने ज्ञानेश्वरांची एक विरहिणी घरच्या घरी ध्वनिमुद्रित करण्याचा बेत केला आणि त्या कामी मदतनीस म्हणून माझी नेमणूक झाली. दुपारची वेळ होती. पंखा बंद, खिडक्या लावलेल्या, लोखंडी कपाटावर रजई टाकलेली आणि स्वयंपाकघरातला मिक्सर तासभर तरी फिरणार नाही अशी तजवीज केलेली. चार टेक झाले आणि चौथा आम्हा दोघांनाही मनापासून भावला. रात्री जेवणे आटोपल्यावर तंबोरा, तबला आणि पेटी हे सारे ट्रॅक बंद करून आम्ही नुसता तिचा आवाज ऐकावयास बसलो, तेव्हा पहिल्या चरणानंतर तिने घेतलेल्या दीर्घ विरामात, जिथे केवळ तिचा श्वास असावयास हवा होता, तिथे काचेवर नख वाजावे तशी बारीक टिकटिक ऐकू आली. "मामा, हे घड्याळ कुठलं?" तिने विचारले. त्या खोलीत घड्याळ नव्हते. लय धरण्यासाठी तिच्या हेडफोनमध्ये लावलेली क्लिक कानांवरच्या वाट्यांतून निसटून माइकपर्यंत पोचली होती.

स्टुडिओतील मंडळी या प्रकाराला ब्लीड किंवा लीकेज म्हणतात. घरी गाणाऱ्यांपैकी बहुतेक जण जो कंडेन्सर माइक वापरतात, तो ओठ उघडल्याचा आवाजही टिपण्याइतका संवेदनशील असतो आणि हेडफोन तर त्याच्यापासून जेमतेम दीड वितीवर असतात. तेव्हा गायिकेला जे मोठ्याने ऐकू येते, त्यातील काही अंश त्यालाही ऐकू यावा यात नवल नाही. मुंबईच्या चित्रपटगीतांच्या जुन्या काळात गायक आणि वाद्यवृंद एकाच वेळी, एकाच दमात मुद्रित होत असत, आणि त्या वेळी एका माइकचा आवाज दुसऱ्यात मिसळला तरी सर्वांचे गाणे एकच असल्यामुळे फारसे बिघडत नसे. आता आवाज आज घेतला जातो, तबला पुढल्या आठवड्यात दुसऱ्याच घरी वाजतो आणि मार्गदर्शनापुरती लावलेली पेटी कधी कायमची काढूनही टाकली जाते. अशा वेळी गायिकेच्या ट्रॅकमध्ये झिरपलेली ती जुनी पेटी, घर सोडून गेलेल्या भाडेकरूचे सामान माळ्यावर सापडावे तशी, नको त्या जागी हाती लागते.

तरीही येथे तारतम्य हवे. जे झिरपले तेच शेवटच्या मिश्रणातही त्याच जागी वाजणार असेल, तर ते त्याच्याखाली झाकले जाते आणि त्याची फिकीर करण्याचे कारण नसते. अपाय होतो तो अन्य प्रसंगी. आवाजाचे चढउतार आटोक्यात आणण्यासाठी कॉम्प्रेसर लावून मोठे स्वर ८ डेसिबलनी दाबले आणि मग सगळा ट्रॅक तितकाच वर उचलला, तर विरामांतली टिकटिकही ८ डेसिबलनी वर येते. एखादा स्वर सॉफ्टवेअरने सुधारावयास जावे, तर त्याच्यासोबत झिरपलेली पेटीही सरकते आणि खऱ्या पेटीशी बेसूर होते. गाण्याचा शेवट संथ, उघडा असेल, तर झाकावयास वाद्यच उरत नाही.

यावर सहसा जो उपाय सुचविला जातो तो एका ओळीचा आहे: हेडफोनचा आवाज कमी करा. उपाय खरा असला तरी गायिका तो आवाज का वाढविते याची चौकशी केल्यावाचून तो टिकत नाही, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. भाची दर टेकनंतर "तबला जरा वाढव" म्हणत होती आणि मी तो वाढवीत होतो. तिने चष्मा काढून हेडफोन पुन्हा चढविले तेव्हा ती दचकली आणि म्हणाली, "डग्गा आत्ता ऐकू आला!" चष्म्याच्या काड्यांमुळे हेडफोनची गादी कानामागे उचलली जात होती, त्या फटीतून सर्वप्रथम खर्ज नाहीसा होतो, डग्ग्याची घुमार जाते, चाटीची टणक टोके तेवढी उरतात, मग गायिका आवाज वाढवावयास सांगते, आणि वाढविलेला आवाज त्याच फटीतून बाहेर पडतो. दाट केस, कानांतले झुमके, झिजून चपटी झालेली गादी, यांचाही परिणाम हाच. आम्ही चष्मा काढला, झुमके उतरविले, केस मागे बांधले आणि मग आवाजाची कळ पूर्वीपेक्षा पुष्कळच खाली आणूनही तिची तक्रार उरली नाही.

हेडफोनची जातही पाहावी. १९१०च्या सुमारास अमेरिकेतील युटा राज्यात नॅथॅनिएल बाल्डविन यांनी आपल्या स्वयंपाकघरात बनवून तेथील नौदलास जे हेडफोन पुरविले, ते बिनतारी संदेशांचे क्षीण संकेत कानांपर्यंत पोचविण्यासाठी होते. संगीताच्या सुखासाठी मागची बाजू उघडी ठेवण्याची कल्पना पुष्कळ नंतरची; सेनहायझरचा एचडी ४१४ हा १९६८ सालचा हेडफोन त्या ओपन-बॅक जातीचा आद्य नमुना होय. ज्यांच्या वाट्या मागून जाळीदार असतात ते ऐकावयास मोकळे, प्रसन्न वाटतात, परंतु गाताना ते घालणे म्हणजे माइकच्या तोंडाशी दोन लहान स्पीकर टांगणेच होय. गाण्यासाठी मागून बंद असलेले, म्हणजे क्लोज्ड-बॅक, आणि कान पूर्ण झाकणारेच घ्यावेत. कानाच्या आत बसणारे घट्ट इअरफोन तर त्याहूनही कमी गळतात; मात्र ते घातल्यावर स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटतो आणि काही गायकांना ते मुळीच सोसत नाही.

हा स्वतःच्या आवाजाचा प्रश्नच सर्वांत नाजूक आहे. आपले गवई तान घेताना एक हात कानाशी नेतात, तो आपलाच सूर आपल्याला नीट उमगावा म्हणून. हेडफोनने दोन्ही कान झाकले की ती सोय हिरावली जाते. त्यातच माइकचा आवाज संगणकातून फिरून परत कानांत येत असेल, तर तो क्षणभर उशिरा पोचतो, गायिका अस्वस्थ होते आणि नकळत एका कानावरची वाटी दूर सारते. ती उघडी वाटी हवेत तशीच वाजत राहते आणि ब्लीडचा सर्वांत मोठा वाटा बहुधा तिचाच असतो. ऑडिओ इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगची कळ असेल तर ती वापरावी, म्हणजे आवाज संगणकाचा वळसा न घेता थेट कानांवर येतो. एवढे करूनही गायिकेला एक कान मोकळा हवा असेल, तर तिला ती मुभा अवश्य द्यावी, फक्त सगळा मार्गदर्शक ट्रॅक झाकलेल्या कानाकडे वळवावा आणि उघड्या बाजूची वाटी संपूर्ण मुकी करावी. भाची आता अशीच गाते.

क्लिकचा बंदोबस्त त्या मानाने सोपा निघाला. तीक्ष्ण, उंच टिकटिक विरामात लगेच उघडी पडते. तिच्याऐवजी मऊ, खालच्या पट्टीतला ठोका निवडला आणि मार्गदर्शक ट्रॅकमधील ४००० हर्ट्झच्या वरचा भाग बराचसा कापला, तर लय तितकीच कळते आणि फटीतून डोकावणारा तीक्ष्णपणा जातो. माइकच्या दिशेवर मात्र फार भिस्त ठेवू नये. कार्डिऑइड माइक मागचा आवाज टाळतो हे खरे, पण हेडफोन गायिकेच्या डोक्यावर, म्हणजे माइकच्या पुढ्यातच असतात. अंतराचा उपयोग अधिक होतो: माइक ओठांपासून २० सेंटिमीटरवरून १० वर आणला की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलनी वाढते, हेडफोनचे अंतर त्या प्रमाणात घटत नाही, आणि गेन तितका खाली घेता येतो. जवळ गेल्याने खर्ज फुगतो आणि प, फ, भ ही अक्षरे माइकवर आदळतात, म्हणून मध्ये पॉप फिल्टर लावावा.

मुद्रण झाल्यावरचे उपाय दुय्यम समजावेत. विरामांतला तुकडा हाताने कापता येतो, नॉइज गेटने आपोआप मिटविता येतो. पण गाण्याच्या शब्दांखाली जे झिरपले आहे त्याला गेट हात लावू शकत नाही. एक युक्ती अशी सांगतात की गायिकेने त्याच जागी, त्याच हेडफोनसह मुकाट उभे राहावे, केवळ ब्लीड मुद्रित करावा आणि तो उलट्या पोलॅरिटीने मूळ ट्रॅकमध्ये मिसळावा, म्हणजे दोन्ही एकमेकांना खोडतील. आम्ही ती करून पाहिली. खालचे स्वर बरेचसे गेले, टिकटिक राहिली. ५००० हर्ट्झच्या ध्वनीची लांबी हवेत सुमारे ७ सेंटिमीटर असते, तेव्हा मान दोन बोटे हलली तरी खोडण्याचा हिशेब चुकतो, आणि गाताना मान न हलविणारी गायिका मला हवीही नाही.

पाचवा टेक आम्ही पुढल्या रविवारी घेतला. शेवटच्या ओळीपाशी क्लिक आणि तबला दोन्ही तिच्या कानांतून काढून घेतले, केवळ तंबोरा ठेवला. अखेरचा षड्ज विरल्यावर ती आठ मात्रा जागची हलली नाही. त्या जागेत आता तिचा श्वास आहे आणि तंबोऱ्याचा अगदी पुसट मागमूस. तो आम्ही जाणूनबुजून राहू दिला, कारण तोच तंबोरा गाण्यातही आहे.