वही कुणाच्या हातात?

गेल्या महिन्यात माझी पुतणी दोन दिवसांच्या ‘व्हॉलंटियर कॅम्प’हून परत आली. कॉलेजच्या अर्जाला जोडायला प्रमाणपत्र मिळालं होतं, जाड कागदाचं, सोनेरी किनारीचं. पाड्यावरच्या शाळेच्या भिंतीवर फुलपाखरं रंगवतानाचे फोटो तिने हौसेने दाखवले. एका फोटोत नव्या पांढऱ्या रंगाखालून जुनी फुलपाखरं दिसत होती. आधीच्या तुकडीने काढलेली. तीच भिंत, तीच फुलपाखरं, दर तुकडीला नवा डबा. मी विचारलं, “जेवलात कुणाकडे?” म्हणाली, “एका मावशींकडे.” “नाव काय गं त्यांचं?” तिला सांगता येईना. चार वेळा त्या बाईच्या हातची भाकरी खाल्ली होती, आणि नाव माहीत नव्हतं.

पोरीचा दोष नाही. तिला तसंच नेलं होतं, तसंच आणलं होतं. कॅम्प नेणाऱ्या कंपनीने माणशी साडेतीन हजार घेतले, त्यातले त्या मावशींना किती मिळाले, हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण ते नाव माहीत नसणं मला लागलं. कारण गावाकडच्या अशा सहली मी त्या नुकत्या सुरू होत असताना पाहिल्या आहेत. २००६ साली वेळासला कासव महोत्सव सुरू झाला, त्याला आता वीस वर्षं होतात. त्या निमित्ताने मागे वळून पाहावंसं वाटलं.

त्याआधीची वर्षं भराभर सांगून टाकते. बाबा आमट्यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. ऐन मे महिन्यात, विदर्भाच्या उन्हात, महाराष्ट्रभरची मुलं तिथे घमेली उचलायला जात. त्या छावणीने घडवलेली माणसं आजही भेटतात. १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना आली आणि पुढे कॉलेजांचं सात दिवसांचं शिबिर ठरून गेलं. आमच्या शिबिरात आम्ही एक बंधारा घातला, समारोपाला पाहुणे आले, हार झाले आणि पहिल्या पावसात बंधारा गेला. गावाने तो मागितलाच नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर शहरांतून जुन्या कपड्यांचे ढीगच्या ढीग गेले. घर पडलेल्या बाईला काय हवंय, हे विचारणारे त्या गर्दीत थोडे होते. देणारा ठरवणार आणि घेणारा घेणार, अशी ती सगळी वर्षं. त्यांच्यात रमावं असं मला काही सापडत नाही.

मन रमतं ते २००६ नंतरच्या दहा वर्षांत.

मंडणगड तालुक्यातलं वेळास हे नाना फडणवीसांचं गाव, एवढीच त्याची ओळख आम्हाला होती. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाचा अभ्यास करत किनाऱ्याने फिरत होती. वेळासच्या पुळणीवर त्यांना कासवाच्या अंड्यांची रिकामी टरफलं दिसली. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. ती अंडी कुत्री-कोल्हे उकरत आणि माणसंही काढून नेत. संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्याच तरुणांना हाताशी धरलं. अंडी कुंपणाच्या आत नेऊन पुरली, राखली. चार वर्षांनी महोत्सव सुरू झाला. पाहुण्यांनी गावातल्या घरांत राहायचं, त्या घरचंच जेवायचं आणि पैसे त्या घरालाच द्यायचे.

आमचा पुण्याचा गट पहिल्या काही वर्षांपासून जायचा. ताम्हिणी उतरून माणगाव, मग मंडणगड, मग बाणकोटची खाडी उजव्या हाताला ठेवत वेळास. पोचेपर्यंत अंधार पडलेला असे. ओटीवर गोधड्या अंथरलेल्या, आणि पानात गरम भात, कुळथाचं पिठलं, सोलकढी. ज्यांच्याकडे मी बहुतेक वेळा उतरायचे त्या काकू पहिल्या वर्षी स्वयंपाकघराच्या दाराबाहेर येत नव्हत्या. तिसऱ्या वर्षी त्या पाहुण्यांना दटावत होत्या, “पानात टाकायचं नाही हां.”

घरं नेमून देणाऱ्या दादांकडे एक वही असे. दोनशे पानी, शाळेची, कव्हर निघालेली. डावीकडे घरमालकाचं नाव, पुढे तारीख, त्यापुढे किती माणसं. मागच्या शनिवारी ज्या घरात पाहुणे उतरले, त्याचं नाव या शनिवारी तळाशी. कुणाकडे सुतक असलं, बाळंतपण असलं, की नावापुढे फुली. एकदा मी हट्ट धरला, आम्हाला काकूंकडेच जायचंय. दादांनी वही माझ्यासमोर फिरवली. “ताई, त्यांचा नंबर होऊन गेला. आज पलीकडच्या आळीतलं घर आहे.” मी तिकडे गेले. त्या घरच्या आजींनी पाणी देण्याआधी मला परसात नेलं आणि नवाकोरा संडास दाखवला. “तुम्हा लोकांच्या पैशाने झाला,” म्हणाल्या. मी हट्ट सोडला नसता, तर त्या शनिवारचे पैसे त्या परसापर्यंत पोचले नसते. वहीची किंमत मला तिथे कळली.

सकाळी पुळणीवर जायचं. कुंपणाच्या आत प्रत्येक घरट्यावर एकेक टोपली पालथी घातलेली. गावातला कासवमित्र एकेक टोपली उचलून बघायचा. पिल्लं वर आलेली असली तर तळहाताहूनही लहान, काळी, ओली वाळू अंगाला लागलेली. ती पाण्यापासून थोडी अलीकडे सोडायची, म्हणजे स्वतः चालत जातात. लोक दोरीच्या मागे उभे. फ्लॅश मारायचा नाही, कारण पिल्लू उजेडाकडे वळतं. आणि कित्येकदा सगळ्या टोपल्या उचलून झाल्या तरी एकही पिल्लू नसायचं. तेव्हा तो मुलगा सरळ सांगायचा, “आज नाही.”

या “आज नाही”वरून झालेला एक प्रसंग मी इतकी वर्षं मनात ठेवला आहे. कोकणातल्याच अशा एका किनाऱ्यावर शहरातल्या एका टूर कंपनीचा माणूस पन्नास जणांना घेऊन आला होता. टोपल्या रिकाम्या निघाल्या. तो कासवमित्राला म्हणाला, “आमचे पाहुणे एवढ्या लांबून आलेत. कालची दोन-चार ठेवायची होती.” मुलगा विशीचाही नसेल. म्हणाला, “ठेवत नाही आम्ही. निघालं की सोडतो.” वाळूतून वर आलेल्या पिल्लाला पोहून लांब जायला जे बळ लागतं, ते त्याला डांबून ठेवलं की तिथेच संपतं. हे त्या पोराला ठाऊक होतं आणि पन्नास जणांचे पैसे घेणाऱ्याला ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षी तोच माणूस आपले तंबू आणि आपला आचारी घेऊन आला. त्याआधी त्याने एका घरच्या बाईशी ताटामागे पन्नास रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस केलेली मी ऐकली होती. तेव्हा मी बोलले नाही, आज बोलते. गावाच्या जिवावर धंदा करून गावच्याच चुलीला बाजूला सारणं ही चोरी आहे. तिच्यावर ‘रिस्पॉन्सिबल टुरिझम’ अशी पाटी लावली म्हणून ती सेवा होत नाही.

त्याच सुमारास अकोले तालुक्यात पुरुषवाडीलाही असंच काम उभं राहत होतं. महादेव कोळ्यांचं हे गाव मे अखेरीस काजव्यांनी भरून जातं. तिथेही पाहुणे गावातल्या घरांत, वाटाड्या गावातला, आणि अंधारात बॅटरी बंद. काजव्याचं लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला घातलेली साद. आपल्या उजेडात ती हरवते, हे आम्हाला तिथल्या वाटाड्याने शिकवलं. आज भंडारदऱ्याच्या बाजूला त्याच दिवसांत गाड्यांच्या रांगा लागतात आणि हेडलाइट झाडांवर पडतात. काजवे बघायला येणाराच काजव्यांचा अंधार संपवतो आहे.

दशकाच्या शेवटी श्रमदानाची लाट आली. पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ साली वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली आणि मग पसरत गेली. २०१८ च्या १ मे रोजी शहरांतून माणसं श्रमदानाला निघाली, त्यांत मीही होते. साताऱ्याकडच्या एका गावात आम्ही आठला पोचलो. गाव पहाटेपासून डोंगरावर होतं. मी तासभर चर खणला. शेजारच्या बाईने नजर टाकली आणि माझ्या हातातून कुदळ घेतली. “तिरका गेला बघा. पाणी थांबायचं न्हाई ह्यात.” समतल चर म्हणजे एका पातळीत गेला पाहिजे, नाहीतर पाणी मुरण्याऐवजी वाहून जातं. माझा चर तिने पुन्हा सारखा केला. त्या दिवशी माझ्या श्रमाची किंमत किती, ते मला नेमकं समजलं. पण माप त्या गावाचं होतं, आराखडा गावाचा होता, आणि चूक दाखवायचा अधिकार त्या बाईचा होता. म्हणून मला तो दिवस आजही चांगला वाटतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. मंडणगड-दापोली पट्ट्यात सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. सुपारीचं नवं झाड वाढून फळायला वर्षं जातात. आमच्या गटात कुणाला काही शोधावं लागलं नाही. कुणाचं छप्पर गेलं, कुणाचे माड पडले, हे आम्ही नावानिशी विचारू शकत होतो, कारण नावं आमच्याकडे होती. मदत थेट घरांच्या खात्यावर गेली. प्रमाणपत्र घेऊन आलेल्या माझ्या पुतणीला उद्या त्या पाड्यावर संकट आलं, तर फोन कुणाला लावायचा ते माहीत नाही.

ही नावानिशी ओळखच पुढे गेली. करोनानंतर ‘ग्रामीण अनुभव’ हा माल झाला आणि वही गावातून निघून शहरातल्या संगणकात गेली. याहून वाईट एक प्रकार आहे, तो म्हणजे मुलांना भेटायच्या सहली. शनिवारी अनाथालयात जायचं, केक कापायचा, मुलांना मांडीवर घ्यायचं, रविवारी निघायचं. ज्या मुलाला आधीच कुणीतरी सोडून गेलंय, त्याला दर आठवड्याला नवं माणूस सोडून जातं. जगभरची तरुण मुलं पैसे भरून यासाठी नेपाळ-कंबोडियापर्यंत जातात. तिथल्या अनेक ‘अनाथ’ मुलांचे आई-वडील हयात आहेत. पाहुणे आणि देणग्या येत राहाव्यात म्हणून मुलं घरातून आणली जातात. २०१७ साली ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने आधुनिक गुलामगिरीवर अहवाल दिला, त्यात अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीचाही विचार केला. आपण अजून अनाथालयात केक घेऊन जातो.

म्हणून सांगते, जा. गावाला पाहुणा नकोसा झालेला नाही. पण पैसे भरण्याआधी काही गोष्टी विचारा. माझ्या पैशातले किती रुपये ज्या घरी मी जेवणार त्या घरात राहतात? आकडा सांगायला जो बिचकतो, त्याच्याबरोबर जाऊ नका. जे काम मी करणार ते गावाने मागितलंय का, आणि ते करायला गावातला माणूस मजुरीवर मिळत नाही का? मिळत असेल तर मजुरी द्या, ब्रश त्याच्या हातात द्या. मी गेल्यावर ते काम कोण सांभाळणार? मुलांबरोबरचं काम असेल, तर तुमची चौकशी कुणी केली का? कुणीही न विचारता तुम्हाला मुलांमध्ये सोडत असतील, तर तिथून परत फिरा. प्राणी नक्की दिसेल अशी हमी देणाऱ्याकडे पाठ करा. कासव, काजवा, वाघ कुणाच्या हमीवर येत नाहीत. आणि शेवटी विचारा, घरं कोण नेमून देतं, वही कुणाच्या हातात आहे?

कंपनीच्या जाहिरातीखालचा नंबर सोडा, गावातला नंबर मिळवा आणि फोन लावा. पलीकडून कुणी म्हणालं, “या शनिवारी नाही जमायचं, माणसं पुरी झाली,” तर रागावू नका. हिशेब अजून गावाच्या हातात आहे, असा त्याचा अर्थ. पुढचा शनिवार मागून घ्या, आणि गेलात की आधी त्या घरच्या बाईचं नाव विचारा.