पायाच्या बोटाची जखम आणि चुकीचा कोड

समजा, अमेरिकेतल्या रुग्णालयांचा डेटा तुमच्या हातात आलाय. प्रश्न आहे: मधुमेहामुळे पायाच्या बोटाला जखम झालेले रुग्ण किती? तुम्ही आयसीडी-१०-सीएमच्या यादीत ‘पायाच्या बोटाची उघडी जखम’ शोधता, एस९१.१ सापडतो, फिल्टर लावता, आकडा येतो. पण तो आकडा तुमच्या प्रश्नाचं उत्तर नसतो. माझंही पहिल्यांदा असंच चुकलं होतं.

‘एस’चे कोड इजेसाठी आहेत: काच लागली, खिळा घुसला, कुत्रा चावला. नखालाही इजा असेल तर एस९१.२. आता एस९१.१११ए हा कोड फोडून बघा. दशांशानंतरचा पहिला १ म्हणजे नख शाबूत, दुसरा १ म्हणजे चिरलेली जखम आणि आत काही अडकलेलं नाही, तिसरा १ म्हणजे उजव्या पायाचा अंगठा. शेवटचा ‘ए’ म्हणजे सक्रिय उपचार चालू. ‘ए’ म्हणजे पहिली भेट, असं समजू नका. उपचार चालू असेपर्यंत तो पुन्हा पुन्हा येऊ शकतो. जखम भरत असतानाच्या भेटींना ‘डी’ लागतो. म्हणून नोंदी मोजल्या तर एकच जखम तीन-चारदा मोजली जाते. रुग्ण मोजा.

मधुमेहाचा व्रण ही इजा नाही, तो आजाराचा परिणाम. टाइप २ मधुमेह असेल तर आधी ई११.६२१, मग व्रणाची जागा आणि खोली सांगणारा कोड. उदाहरणार्थ एल९७.५१२: उजवं पाऊल, चरबीचा थर उघडा पडलेला.

खरी गोम पुढेच आहे. एल९७.५ म्हणजे ‘पावलाचा इतर भाग’. बोट त्यातच येतं, त्याला वेगळा कोड नाही. म्हणजे तुमचा प्रश्न फक्त बोटाचा असेल, तर नुसत्या कोडवरून उत्तर मिळणारच नाही. एकतर डॉक्टरांच्या नोंदी वाचा, नाहीतर प्रश्न ‘पावलाचा व्रण’ असा बदला आणि तसं प्रबंधात लिहा.

आणि ही यादी भारतातल्या डेटावर तशीच लावू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१०मध्ये ई११.६२१ नाहीच, तिथे मधुमेही व्रण ई११.५ खाली येतो.

फिल्टर लावण्याआधी एवढंच विचारा: ही जखम झाली कशी?